झेंडूशेजारी गोकर्ण

आमच्या घरी कुणी पाहुणा आला की आप्पा आधी त्याच्या शर्टाकडे बघायचे आणि मग तोंडाकडे. कापडाचा रंग नजरेत बसेपर्यंत पाहुण्याला बसा म्हणायचंही त्यांना सुचत नसे. मग आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "अहो, त्यांना आधी बसू द्या. शर्ट कुठे पळून जात नाही." माझे वडील उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कापड रंगवायच्या एका कारखान्यात कलर मास्तर होते. गिऱ्हाईक बोटभर तुकडा आणून द्यायचं आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारा रंग शेकडो वार कापडावर उतरवून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी वजनकाटा होता, वह्या होत्या, पण शेवटचा शब्द आप्पांच्या डोळ्यांचा. ते हो म्हणाले की रंगाचा हौद रिकामा व्हायचा, नाही म्हणाले की कामगार पुन्हा चिमूटभर काहीतरी मिसळत बसायचे.

विठ्ठलवाडीच्या बस डेपोमागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पहाटे गाड्या गरम करायला लावत, त्या घरघरीनं ताटाळ्यातल्या ताटल्या वाजायच्या आणि त्या आवाजानंच आम्हाला जाग यायची. त्यानंतर दिवसभर आईची मशीन. आई साड्यांना फॉल-पिको करायची. साडी शेवाळी रंगाची असेल आणि फॉल पोपटी लागला तर बायका परत येऊन भांडतात, म्हणून तिचीही नजर तयार झालेली. दुपारी सुकट घातलेलं वांगं आणि तांदळाची भाकरी, रविवारी मटण आणलंच तर त्याच्या रश्श्याच्या रंगावरही आमच्या घरात चर्चा व्हायची. "तवंग जरा केशरीकडे गेलाय," आप्पा म्हणायचे. "मिरची बदललीय, गप जेवा," आई म्हणायची. आप्पांच्या नखांवरून त्या दिवशी कारखान्यात काय चाललंय ते मला कळायचं. चाळीच्या खालच्या अंगानं नाला वाहायचा, तोही सांगायचा. सकाळी गुलाबी, दुपारी मोरपंखी. आम्ही पोरी कठड्यावरून वाकून आज कुठला रंग येतोय याच्या पैजा लावायचो. त्या पाण्यात बेडूकसुद्धा नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. आज मी लोकांच्या बागा लावून देते आणि कुणी मातीबद्दल विचारलं की तो मोरपंखी नाला आठवून मला शरम वाटते. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा तो मला फार सुंदर वाटायचा.

आप्पांचे काही कायदे होते. रंग उत्तरेच्या खिडकीतल्या उजेडात बघायचा, ट्यूबलाइटखाली नाही. जेवणानंतर लगेच बघायचा नाही. एका तुकड्यावर फार वेळ नजर ठेवायची नाही, मध्ये पांढऱ्या भिंतीकडे बघून डोळा धुऊन घ्यायचा. कारखान्याच्या उत्तरेच्या खिडकीची काच वाफेनं आणि रंगाच्या धुरळ्यानं रोज मळायची. ती पुसायचं काम आप्पांनी कुणाला दिलं नव्हतं. सकाळी गेल्यागेल्या स्वतःच्या फडक्यानं काच पुसायची, मग चहा. मी आठवी-नववीत असेन, तेव्हा एकदा त्यांनी मला लाल कापडाचा तुकडा दिला आणि म्हणाले, "सुमे, पन्नास आकडे म्हण. पापणी हलवायची नाही." मी पन्नास म्हटले. "आता भिंतीकडे बघ." चुन्याच्या भिंतीवर हिरवट निळसर चौकोन तरंगत होता. मी भिंतीला हात लावून बघितला. हात लागला तिथे काहीच नव्हतं, आणि चौकोन माझ्या बोटांवर येऊन बसला. "हा आला कुठून?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "तुझ्यातून. डोळ्याला एकच एक वाढत राहिलं की तो कंटाळतो. मग जे ताटात नाही ते स्वतःच वाढून घेतो."

त्या दिवसापासून मला जोड्या पाठ झाल्या. लाल-हिरवा, पिवळा-जांभळा, नारिंगी-निळा. आप्पांच्या भाषेत हे एकमेकांचे वैरी. हौदात लाल जास्त चढला तर हिरव्याचा थेंब टाकून तो दाबायचा. निळा भडक झाला तर नारिंगीनं दाबायचा. "आणि दोघं सारखेच पडले तर?" मी विचारलं. "मग मातकट राखाडी. पावसात भिजलेल्या गोणपाटासारखं. अख्खा हौद वाया." आता माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मोबाइलवर रंगांचं चक्र काढून दाखवतात, समोरासमोरचे रंग बघा म्हणतात. मी चष्मा वर करून बघते आणि छान आहे म्हणते. मला ते चक्र दोन खोल्यांच्या घरात, स्टोव्हच्या वासात, चिंध्यांवर शिकवलेलं आहे हे त्यांना कसं सांगू?

त्या काळात घरात एक थट्टा चालायची. आईकडे एक सुती साडी होती, तिच्या भावानं दिलेली, आणि तिला ती फार आवडायची. ती नेसली की आप्पा म्हणायचे, "ही काळी कशाला नेसतेस? सुतकात असल्यासारखं वाटतं." आई नुसतं हसायची आणि पदर खोचून कामाला लागायची. मी एकदा तोंड उघडायला गेले तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी आपलं आपलं असेल. आणखी एक गंमत म्हणजे आप्पा संध्याकाळी खिशातून कापडाचे दोन-तीन तुकडे काढून आईसमोर टाकायचे. "बघू तुझी परीक्षा. सांग, कुठला जास्त निळा?" आई मशीन थांबवून दारात जायची, उजेडात धरून सांगायची, हा, आणि त्या दुसऱ्यात जांभळा आहे. आप्पा मान हलवायचे. पास झाली म्हणायचे. आईची परीक्षा रोज, आणि तीही बहुतेक निळ्याचीच, हे मला कधी खटकलं नाही.

आमच्या वस्तीचं बुद्धविहार चाळीला लागूनच होतं. पत्र्याचं छप्पर, चार भिंती, पुढे अंगण आणि अंगणात ध्वजस्तंभ. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पंचरंगी ध्वज चढायचा. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महिला मंडळाच्या शांतामावशींनी ठरवलं की स्तंभाभोवतीच्या मोकळ्या मातीत फुलं लावायची, आणि त्या दिवशी ती फुललेली असली पाहिजेत. "रंगाचा मास्तर तुमच्याच घरात आहे," त्या मला म्हणाल्या. "सुमे, हे तुझ्याकडे." मला आभाळ ठेंगणं झालं. आप्पांनी रंगांचे नमुने डकवलेल्या शेड-कार्डाच्या पाठीवर गोल काढला आणि ध्वजाच्या क्रमानं त्याच्या पाच फोडी केल्या. निळ्याला गोकर्ण, पिवळ्याला पिवळा झेंडू, लालला तुऱ्याचा कोंबडा, पांढऱ्याला सदाफुली, केशरीला केशरी झेंडू. कागदावर ते इतकं देखणं होतं की आईनं तो कागद भिंतीला चिकटवला.

श्रावण अर्धा गेला आणि आमची फजिती झाली. रोपं वाढली, फुलंही यायला लागली, पण लांबून बघावं तर सगळं नुसतं हिरवं. पिवळ्या फोडीत चार ठिपके, लाल फोडीत सहा, निळी फोड तर जमिनीवर लोळलेली. शांतामावशींनी कमरेवर हात ठेवून बघितलं. "झेंडा कुठाय गं? मला तर मेथीची जुडी दिसतेय." मी त्या दिवशी जेवले नाही. रविवारी आप्पा मला घेऊन बदलापूरला गेले. तिथे नदीच्या बाजूला बारकूआजींची रोपवाटिका होती. आगरी म्हातारी, भाताचं शेत विकून उरलेल्या तुकड्यात ती दसऱ्यासाठी झेंडू आणि वर्षभर रोपं करायची. आप्पांनी कागद दाखवला. आजींनी तो उलटसुलट करून बघितला आणि हसल्या. "तुमी कापराची मानसा. कापराला पाना कुठं असतान?" कापडाच्या माणसाला पानांचं काय, म्हणून आप्पा गोंधळले. आजी म्हणाल्या, "झाराला फूल योक न् पाना शंभर. हिरवा रंग न सांगता येते, म्हून तो मोजाचाच नाय का?"

परत येताना आप्पांनी तो कागद घडी करून खिशात घातला. मग एकदम म्हणाले, "तीस वर्षं रंगात काढली आणि हिरवा विसरलो." ते हसत होते, पण त्यांना लागलं होतं. पांढऱ्यावर रंग उतरवायची सवय झालेल्या माणसाच्या लक्षातच आलं नाही की इथली जमीन पांढरी नाही, आधीच हिरवी आहे, आणि प्रत्येक रंगाला आधी त्या हिरव्याशी बोलावं लागतं. हे सुचायला रंगारीच व्हायला हवं, आणि विसरायलाही रंगारीच. मी आजही नवी बाग आखताना आधी फक्त पानं बघते. काळपट हिरवं कुठलं, पोपटी कुठलं, राखाडी झाकेचं कुठलं. फुलांचा विचार त्यानंतर.

भाद्रपदात आईच्या भावाला बरं नव्हतं म्हणून ती आठ-दहा दिवस त्याच्याकडे जाऊन राहिली. ती परत आली त्याच आठवड्यात कारखान्यात आक्रीत घडलं. शाळेच्या गणवेशाचा निळ्या कापडाचा मोठा लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला. निळा नव्हताच तो, जांभळट झाला होता. आप्पांच्या हातून लॉट परत यायची ही पहिलीच वेळ. किशनशेठ, म्हणजे कारखान्याचे मालक, सिंधी माणूस, तसे मवाळ. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्टर, दिवाली के पहले वही नीला फिर से देना है. इस बार गडबड हुई तो मैं पार्टी को क्या मुँह दिखाऊँ? फिर दुसरा आदमी देखना पडेगा." आप्पांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं, जसंच्या तसं, हिंदीतच. दुसरा माणूस बघणं म्हणजे काय ते मला कळत होतं. पन्नाशी उलटलेल्या कलर मास्तरला, ज्याच्या हातून शेड चुकली हे अख्ख्या कॅम्पला माहीत झालंय, त्याला कोण उभं करणार? त्या रात्रीपासून घरात मशीनचा आवाजसुद्धा दबकत यायला लागला.

परत आलेल्या लॉटमधलं थोडं कापड आप्पांनी घरी आणलं होतं. ते जमिनीवर पसरलेलं असताना आईच्या चिंध्यांमधली एक नारिंगी पट्टी त्याच्यावर पडली. मी ती उचलायला वाकले आणि तशीच राहिले. ती पट्टी पेटल्यासारखी दिसत होती. कडा थरथरत होत्या. आणि खालचं ते टाकाऊ, बदनाम कापड, ज्यात कुणाला निळा दिसत नव्हता, ते पट्टीच्या आजूबाजूला चक्क निळं झालं होतं. मी पट्टी उचलली, निळा गेला. ठेवली, निळा आला. मी आप्पांना हाक मारली. ते म्हणाले, "ते दोन एकत्र ठेवू नकोस. वैरी आहेत."

"पण आप्पा, हे मिसळले कुठे आहेत? शेजारी आहेत फक्त."

आप्पांनी पट्टी स्वतः उचलून बघितली आणि पुन्हा ठेवली.

"फुलंही हौदात मिसळत नाहीत," मी म्हटलं. "हौदात जे एकमेकांना दाबतात, ते शेजारी ठेवले तर एकमेकांना उठाव देतात."

"मी हे तीस वर्षं रोज बघतोय," ते म्हणाले, "आणि बघितलं नाही." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, आश्चर्य होतं. मला त्या क्षणी स्वतःचा इतका अभिमान वाटला की तो आजही आठवला की गाल गरम होतात.

बारकूआजींकडून मी केशरी झेंडूची कळ्या धरलेली रोपं आणली. फोडी मोडल्या. गोकर्णाला कामट्यांचा मांडव करून सगळीकडे चढवलं आणि त्याच्या पुढे, मध्ये-मध्ये झेंडू लावला. आधी निम्मा-निम्मा लावला होता, पण झेंडू भरल्यावर निळा गिळला गेला. मग तीन वेल आणि एक झेंडू, असं करत गेले. झेंडू मिठासारखा वापरायचा हे मला तिथे कळलं. लाल कोंबडा पानांच्या गडद भागापासून काढून पोपटी पानांपुढे नेला. जिथे दोन रंगांचं पटेना तिथे पांढरी सदाफुली घातली, ती भांडण मिटवते. संध्याकाळी मी तिथे नुसती बसायचे. दिवस मावळला की आधी कोंबडा काळा पडायचा, मग झेंडू विझायचा, आणि ज्याला दुपारी कुणी विचारत नव्हतं तो गोकर्ण आतून दिवा लावल्यासारखा दिसायला लागायचा. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, रोज संध्याकाळी हे माझ्या डोळ्यांपुढे होत होतं. मला देव वगैरे शिकवलेला नव्हता. पण हात जोडावेसे वाटायचे, आणि मी जोडायचे.

धम्मचक्र दिनाला चार-पाच दिवस राहिले तेव्हा सगळा मांडव फुलला. मी सकाळी आप्पांना ओढत घेऊन गेले. निळा इतका होता की माझंच मन भरत नव्हतं. आप्पांनी डोळे बारीक केले, मान इकडे तिकडे केली. "झेंडू झकास आलाय," ते म्हणाले. "कोंबडा पण चांगला आहे. गोकर्ण कधी फुलणार?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते मांडवाकडे बघत होते. त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर शंभर गोकर्णं उमललेली होती. मी म्हटलं, "फुलेल दोन दिवसांत." का म्हटलं कोण जाणे. आणि घरी येऊन आईला सांगितलं.

आईनं मशीन थांबवली. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "आधी आकाशी गेला, मग गडद गेला. त्यांना तो काळा दिसतो, नाहीतर मातकट." मला सगळं एकदम कळलं. खिशातले तुकडे. रोजची परीक्षा. आई नव्हती त्या आठवड्यातला लॉट. दोन वर्षं कारखान्यातला निळा माझ्या आईनं आमच्या दारात उभं राहून जुळवला होता, आणि ती परीक्षा देतेय असं दोघांनीही एकमेकांना भासवलं होतं. "डॉक्टरकडे का जात नाहीत?" मी विचारलं. आई म्हणाली, "त्यांना वाटतं रंगाच्या वाफेनं डोळा आतून जळला. म्हणतात, आतलाच निळा संपला, त्याला ऑपरेशन काय करणार? डॉक्टर तेच बोलला तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं चाललंय." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "दिवाळीचा लॉट मी बघेन. पण असं किती दिवस, सुमे?"

दुसऱ्या दिवशी आप्पांची सुट्टी होती. मी त्यांना पुन्हा विहारात नेलं. सणासाठी भिंतींना नुकताच चुना काढला होता. मी सगळ्यात भरलेला एक झेंडू तोडून त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, पन्नास आकडे म्हणा. पापणी हलवायची नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ते हसले नाहीत. हळूहळू पन्नास म्हटले. मी मनात त्यांच्याबरोबर मोजत होते. मला माहीत नव्हतं काय होईल. काहीच दिसलं नाही तर मीच त्यांच्या मनातली भीती खरी करून दाखवणार होते.

"आता भिंतीकडे बघा."

आप्पा भिंतीकडे बघत राहिले. विहारात कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढाच आवाज. मग ते कलर मास्तरच्या आवाजात, अगदी कामावरच्या आवाजात म्हणाले, "निळा. आकाशी. जराशी हिरवट झाक आहे." आणि एकदम थांबले. पापण्या मिटल्या, उघडल्या. "गेला," ते म्हणाले. त्यांनी झेंडू पुन्हा डोळ्यांसमोर धरला, मी न सांगता पन्नास म्हटले, पुन्हा भिंतीकडे बघितलं. "आहे," ते म्हणाले. "आहे तिथे." असं त्यांनी चार वेळा केलं. चौथ्यांदा त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मग गोकर्णाच्या मांडवाकडे वळले, एक फूल तोडून चुन्याच्या भिंतीवर धरलं आणि मला विचारलं, "हे फूल आहे ना? उमललेलं?"

"हो आप्पा."

"मग भिंतीवर दिसतो तो यात का नाही?"

उत्तर त्यांनीच दिलं. ते फुलाकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे हौद ठीक आहे. खिडकीची काच मळलीय." रोज सकाळी चहाच्या आधी काच पुसणारा माणूस तो. स्वतःच्या डोळ्याच्या काचेबद्दल दोन वर्षं त्याला हे सुचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ते शेठकडे गेले. मी डबा घेऊन बरोबर होते. त्यांनी काही लपवलं नाही. शेठ ऐकून म्हणाले, "मोतिया है ना? मेरी अम्मां का निकला, अब सुई में धागा डालती है. डरते क्यों हो?" मग जरा विचार करून म्हणाले, "लेकिन तब तक नीला कौन देखेगा?"

"जो दो साल से देख रही है," आप्पा म्हणाले, "वही."

शेठना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून खो-खो हसले. "मतलब मेरा असली मास्टर घर पे बैठता है? बुलाओ उसको." आणि माझी आई, जिनं कारखान्याचं दार कधी ओलांडलं नव्हतं, ती महिनाभर आप्पांच्या स्टुलावर उत्तरेच्या खिडकीपाशी बसली. पहिल्या दिवशी कामगार चोरून बघत होते. तिनं आधी फडकं मागितलं आणि काच पुसली. दिवाळीचा निळा लॉट तिच्या हातून गेला आणि परत आला नाही.

आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका धर्मादाय दवाखान्यात झालं. गेल्या वर्षी माझ्याही डोळ्याचं तेच ऑपरेशन करून आत नवी काच बसवली. दहा मिनिटांत झालं आणि दुपारी मी घरी भात लावला. तेव्हा तसं नव्हतं, त्यांना बरेच दिवस पडून राहावं लागलं, हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, शेवटी जाड भिंगांचा चष्मा. पट्टी सुटली त्या सकाळी आई दवाखान्यात थोडा वेळ थांबली आणि जेवणाचं बघते म्हणून पुढे निघून गेली. जाताना माझ्या कानात म्हणाली, "घरी नको, आधी विहारात आण." मला वाटलं, फुलं दाखवायची म्हणून. सण होऊन गेला होता, पण गोकर्ण अजून फुलत होता आणि झेंडूला दुसरा बहर आला होता.

मी आप्पांना हाताला धरून अंगणात आणलं आणि पायरीवर बसवलं. त्यांनी नवा जाड चष्मा घातला. पहिल्यांदा त्यांनी हात पुढे केला, भिंतीवरच्या चौकोनाला मी जसा केला होता तसा. मांडवाला हात लागला. एक गोकर्ण बोटांत आलं. त्यांचे ओठ हलत होते. मी वाकून ऐकलं तर ते शेड सांगत होते. हा गडद, हा त्याच्याहून एक पाणी फिका, या देठाशी पांढरा, या कडेला जांभळा. एकेक फूल. त्यांनी सगळा मांडव तसा वाचून काढला आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून ऐकत होते. एवढं सुंदर मी त्यानंतर काही ऐकलेलं नाही.

मग ते थांबले. मांडवाच्या पलीकडे, झेंडूच्या रांगेमागे, आई उभी होती. जेवणाचं बघायला गेलीच नव्हती. घरी जाऊन साडी बदलून आली होती.

"ही कुठली साडी?" आप्पांनी विचारलं.

"तीच," आई म्हणाली. "तुम्ही काळी म्हणता ती."

ती मुद्दाम नारिंगी फुलांच्या मागे उभी राहिली होती. मी जे दोन महिने मातीत हात घालून शिकले, ते तिनं एकदा बघून घेतलं होतं. साडी नुसती निळी नव्हती, ती पेटली होती. आप्पा चष्मा सावरत उठले. "जरा उजेडात ये," ते म्हणाले, आणि आई एक पाऊल पुढे आली. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी कापडाकडे बघितलं आणि मग तोंडाकडे. तोंडाकडे मात्र बराच वेळ बघत राहिले.